मापांतलें पाप

‘मापांत पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेला बाजारानें दिला. तळ आंतून वर उचललेला शेर, कड ठोकून बसविलेली पायली, पारड्याखालीं मेणाचा खडा चिकटविलेली तागडी, असे प्रकार लोकांनीं पेठापेठांतून इतके पाहिले असतील कीं, मापाचें नांव निघतांच पाप आठवावें. धर्माबादसारख्या मिरचीच्या पेठेंत ज्याचा थोडाबहुत वावर आहे त्यास हें निराळें सांगावयास नको कीं, वजनांतील चूक दोन प्रकारची असते. कांटा स्थिर नसला, वारा सुटला, किंवा हमालाचा हात पोत्यास लागून राहिला, म्हणजे तेंच पोतें एकदां जड भरतें, एकदां हलकें. ही चूक कधीं घेणाऱ्याच्या पदरांत पडते, कधीं देणाऱ्याच्या. पुष्कळ पोत्यांच्या बेरजेंत ती बरीचशी जिरून जाते. परंतु वजनच खोटें असलें तर दहा काय, हजार पोतीं तोललीं तरी तूट भरून येत नाहीं. उलट प्रत्येक खेपेस तोच आंकडा येत असल्यामुळें पाहणाऱ्याचा विश्वास मात्र वाढत जातो. पहिली चूक डोळ्यांस दिसते. दुसरी सचोटीचा वेष घेऊन येते.

बाजारांत ‘पुन्हां तोला’ म्हणण्याची रीत आहे, व तसें म्हटल्यानें कोणी रागावत नाहीं. विद्वानांच्या सभेंत ही रीत फार उशिरां आली. मनुष्याचा चेहरा मोजण्याचा जो उद्योग गेलीं दोनशें वर्षें चालला आहे, त्याच्या इतिहासावरून हें चांगलें दिसून येतें. आमच्या देशांत मनुष्याचें नाक दोन निराळ्या हेतूंनीं मोजलें गेलें: एकदां तें दुरुस्त करण्यासाठीं, आणि एकदां त्यावरून मनुष्याची पायरी ठरविण्यासाठीं. पहिलें माप पुण्याजवळच्या एका अनाम कारागिराचें, दुसरें साम्राज्याच्या एका नामांकित अधिकाऱ्याचें. दोहोंपैकीं विश्वासास अधिक पात्र कोणतें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ‘बी. एल.’ अशा सहीचें एक पत्र व त्यासोबत एक चित्र प्रसिद्ध झालें. कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच विद्रूप राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसवून दिलें. सोबतचें चित्र १७९४ च्या जानेवारींत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, काढलें असें पत्रांत म्हटलें आहे; त्यावरून ही शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली असें ठरतें. चित्र काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉच चित्रकार. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढणारा तो हाच.

त्या पत्रांत शस्त्रक्रियेची जी रीति वर्णिली आहे ती मोजमापाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. कारागिरानें प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोट्यावर असा बसविला कीं, त्याचें चांगलें दिसणारें नाक व्हावें. मग तें मेणाचें नाक उलगडून सपाट केलें, कपाळावर ठेविलें, आणि त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेच्या आंतील कातडें त्यानें सोडविलें. दोन डोळ्यांच्या मध्यें मात्र एक चिंचोळी पट्टी तशीच राखली, कीं तिच्यांतून रक्ताचा पुरवठा चालू राहावा. थोट्याची जुनी कड खरवडून ताजी केली, सभोंवार खांच पाडली, आणि कपाळाचें कातडें अर्धा वेढा देऊन खालीं आणून त्या खांचेंत बसविलें. सांधा धरून ठेवण्यासाठीं पाण्यांत भिजविलेल्या काताच्या पट्ट्या एकीवर एक लाविल्या, चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेविलीं. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकली.

या सगळ्या खटाटोपांत मोजपट्टी कोठें नाहीं, आंकडा कोठें नाहीं. परंतु माप आहे, आणि तें अत्यंत काटेकोर आहे. सुश्रुताच्या संहितेंत याच कामासाठीं नाकाएवढें झाडाचें पान कापून घ्यावें व त्या मानानें गालाचें कातडें उचलावें असें सांगितलें आहे. पान सपाट असतें, नाक सपाट नसतें. मेणानें ही अडचण दूर केली. उंचसखल वस्तूचें माप सपाट जागीं कसें उतरवावें, हा भूमितींतील अवघड प्रश्न त्या विटा पाडणाऱ्यानें बोटांनीं सोडविला. शिवाय सोडविलेलें कातडें आक्रसतें. तितका हिशेब मापांत धरावा लागतो. माप अपुरें पडलें तर कडा जुळत नाहींत, फाजील झालें तर नाक लोंबतें. चुकीची शिक्षा थोड्याच दिवसांत, त्याच चेहऱ्यावर, सर्वांच्या देखत मिळते. आजही कपाळाच्या कातड्यानें नाक करणारे शस्त्रवैद्य उणिवेचा नमुना पातळ पत्र्यावर घेऊनच कपाळावर आंखतात. दोनशें वर्षांत पत्र्याची जात बदलली, रीति तीच राहिली.

मापाची एवढी स्तुति केल्यावर वृत्तांताच्या मापाविषयीं गप्प बसणें न्यायाचें होणार नाहीं. ‘कावसजी’ हें नांव मराठा शेतकऱ्याचें वाटत नाहीं. इंग्रज कानांनीं ऐकून लिहितांना त्याचें काय झालें असेल तें असो. शस्त्रक्रिया पाहणारे दोन इंग्रज डॉक्टर सांगितले आहेत; त्यांपैकीं टॉमस क्रूसो याचें नांव स्पष्ट आहे, पण दुसऱ्याचें आडनांव मूळ छापील पत्रांत ‘ट्रिंडले’ व पुढील ग्रंथांत ‘फिंडले’ असें आढळतें. आणि ज्यानें हें सारें केलें त्या कारागिराचें नांव कोणीं विचारलेंही नाहीं. त्याची जात तेवढी लिहून ठेविली. ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, असें पत्रकर्ता म्हणतो. परंतु किती जणांवर केली, कितींची फसली, याचा पत्ता नाहीं. एका चेहऱ्यावर बसलेलें नाक हा त्या चेहऱ्यापुरता पुरावा आहे. पद्धतीचा पुरावा होण्यास फसलेल्या नाकांचीही मोजदाद हवी. लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यानें तें पत्र वाचून वर्षानुवर्षें प्रेतांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका जिवंत मनुष्यावर ती शस्त्रक्रिया केली, आणि १८१६ त दोन रोग्यांची हकीकत पुस्तकरूपानें छापली. पुण्याची रीति दुसऱ्या हातानें, दुसऱ्या देशांत, दुसऱ्या चेहऱ्यावर करून पाहिली गेली व तीही साधली. विश्वासार्हता म्हणतात ती हीच.

आतां दुसऱ्या मापाकडे वळूं. कार्प्यूनंतर पाऊणशें वर्षांनीं तेंच नाक मोजण्यासाठीं बंगालच्या मुलकी खात्यांतील हर्बर्ट रिस्ले यांनीं हातांत कंपास घेतला. नाकाची रुंदी शंभरानें गुणून उंचीनें भागली म्हणजे जो अंक येतो त्यास नासिकांक म्हणतात. तो ७० च्या खालीं असला तर नाक अरुंद, ७० पासून ८५ पर्यंत मध्यम, त्यावर रुंद, अशी वांटणी युरोपांतील पंडितांनीं केली होती. बंगालमधील मापें १८९१ सालीं प्रसिद्ध करतांना रिस्ले यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, जातींच्या सरासरी नासिकांकांची उतरंड लाविली कीं समाजांतील त्यांच्या मानाची उतरंड आपोआप मिळते. नाक जितकें रुंद तितकी पायरी खालीं. हेच रिस्ले १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी झाले, आणि १९०८ सालीं त्यांचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ बाहेर पडला. बाळकृष्ण आत्माराम गुप्ते या मराठी गृहस्थांनीं त्यांच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून काम केलें होतें.

येथें वाचकांनीं थोडा हिशेब करून पाहावा. समजा, एका मनुष्याच्या नाकाची उंची ५० मिलिमीटर व रुंदी ३५ मिलिमीटर आहे. त्याचा नासिकांक बरोबर ७०. मोजणाऱ्यानें रुंदी एक मिलिमीटर कमी व उंची एक मिलिमीटर अधिक घेतली तर अंक ६६.७ वर येतो; उलट केलें तर ७३.५ होतो. तेंच नाक, तोच मनुष्य. एका हातीं तो अरुंद नाकाचा, दुसऱ्या हातीं मध्यम. आणि एका मिलिमीटरची चूक होणें कांहीं कठीण नाहीं. नाकाचें मूळ कवटीवर हाडांच्या सांध्यानें स्पष्ट दिसतें. जिवंत मनुष्यांत तो सांधा कातड्याखालीं दडलेला असतो, तो बोटानें चांचपून अंदाजानें घ्यावा लागतो. रुंदी मोजतांना नाकपुड्या मऊ असल्यामुळें कंपास जरा दाबला कीं माप उतरतें, आणि समोरचा मनुष्य हंसला कीं चढतें.

कोणी म्हणेल, शंभर माणसें मोजलीं म्हणजे अशा चुका जिरून जातात. डळमळत्या कांट्याच्या चुका जिरतात. खोट्या वजनाच्या जिरत नाहींत. एका मोजणाऱ्याला नाकाचें मूळ थोडें वर धरण्याची संवय असली तर त्यानें मोजलेल्या साऱ्या जातीचें नाक लांबट होतें. एक जात एकानें मोजली व दुसरी दुसऱ्यानें, तर दोन मोजणाऱ्यांच्या हातांतील फरक दोन जातींच्या रक्तांतील फरक म्हणून ग्रंथांत छापला जाण्याचा धोका असतो. शिवाय मोजणाऱ्यास पुढें बसलेल्या मनुष्याची जात अगोदरच ठाऊक असते. तो बुद्ध्या लबाडी करीत नसेल. पण अपेक्षेचा भार पारड्यावर पडल्यावांचून राहत नाहीं.

याचा परिणाम आमच्या मुलखापुरता पाहूं. रिस्ले यांनीं महाराष्ट्र ब्राह्मण व कुणबी यांस शक-द्राविड वर्गांत घातलें, आणि द्राविड वर्गाचा विस्तार सांगतांना मद्रास व मध्यप्रांताबरोबर हैदराबाद असें एक नांव घालून मोकळे झाले. त्या वेळीं नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यांत होते. म्हणजे वर्णन अक्षरशः घ्यावयाचें तर गोदावरीकांठच्या धर्माबादचा कुणबी एका वंशाचा, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगास नगर जिल्ह्यांत राहणारे त्याचे सोयरे दुसऱ्या वंशाचे! संस्थानाची सरहद्द राजकारणानें आंखली. तीच नकाशावरून उचलून माणसांच्या चेहऱ्यांवर ओढली गेली. विटकराची रेघ ज्या कपाळावर ओढली त्याच कपाळाच्या उपयोगी पडली. ही रेघ ज्यांच्यावरून गेली त्यांस तिचा काय उपयोग झाला? आपली जात वरची कीं खालची हें खानेसुमारीच्या पुस्तकांत शोधण्याची आणि अर्जविनंत्या करण्याची एक हौस मात्र देशभर वाढली.

या मापांस ‘पुन्हां तोला’ असें प्रथम म्हणणाऱ्यांत दोन नांवें ठळक आहेत. मालवणांत जन्मलेले व मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकविणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथांत रिस्ले यांचेच आंकडे घेऊन ते निरनिराळ्या प्रांतांस लावून पाहिले. हिंदुस्थानी प्रांतांत नाक व मान यांची सांगड कांहीं अंशीं बसली; इतरत्र, विशेषतः महाराष्ट्रांत, ती बसेना. सिद्धांत एका ठिकाणीं बसला म्हणून सर्वत्र लागू करावयाचा नसतो, हें त्यांनीं आंकड्यांनींच दाखविलें.

दुसरे प्रशांतचंद्र महालनोबीस. त्यांचा या विषयाशीं संबंध आला तो नागपूरास. १९२० सालच्या तेथील सायन्स काँग्रेसच्या वेळीं नेल्सन अँनंडेल यांनीं कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांचीं मापें तपासण्याचें काम त्यांच्या गळ्यांत घातलें. पदार्थविज्ञानाचा हा अध्यापक त्या कामांत असा रमला कीं, पुढें संख्याशास्त्र हेंच त्याचें जीवितकार्य झालें. जिवंत माणसांच्या मापांत एकसूत्रता कां पाहिजे, या विषयावर १९२८ सालीं ‘बायोमेट्रिका’ या त्रैमासिकांत त्यांनीं एक विस्तृत निबंध लिहिला. एकाच नांवाचें माप निरनिराळे पंडित निरनिराळ्या रीतीनें घेतात, आणि मग त्या आंकड्यांची तुलना करतात, हा दोष त्यांनीं उघड केला. १९३३ सालीं त्यांनीं रिस्ले यांच्या बंगालच्या मापांची फेरतपासणी करून छापील आंकड्यांतील विसंगति हुडकून काढल्या, व शक्य तेथें त्या दुरुस्त केल्या. ज्या आंकड्यांवर जातींच्या पायऱ्या रचल्या गेल्या ते तपासण्यास चाळीस वर्षें लागलीं. पुष्कळ मापें एकत्र घेऊन दोन समूहांतील अंतर काढण्याचें जें सूत्र आज जगभर महालनोबीसांच्या नांवानें ओळखलें जातें, आणि ज्याचा उपयोग हल्लीं यंत्रशास्त्रापासून वैद्यकापर्यंत होतो, तें १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें मूळ या नाकांच्या व कवट्यांच्या हिशेबांत आहे.

घुर्ये यांच्या शिष्या इरावतीबाई कर्वे यांची कथा याहून उद्बोधक आहे. बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं त्यांनीं कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता हा विषय घेतला. पुढें नाझी राजवटीस वंशशास्त्राचा आधार पुरविणाऱ्यांत हेच फिशर मोडतात. युरोपीय कवटी इतरांहून निराळी व श्रेष्ठ निघावी अशी गुरूची अपेक्षा असतां, त्या विषमतेचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं असा निर्णय या विद्यार्थिनीनें दिला. गुरूचा मोठेपणा पारड्यांत घातला असता तर परीक्षा सोपी झाली असती. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आल्यावर त्यांनीं महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जातींचीं मापें घेतलीं, व वि. म. दांडेकर यांच्या सहकार्यानें केलेला त्यांचा ग्रंथ १९५१ सालीं निघाला. एका नांवाखालीं मोडणाऱ्या पोटजातीही परस्परांहून भिन्न असतात, म्हणून ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुणबी’ असा एकच ढीग करून सरासरी काढणें हीच मुळांत चूक, असें त्यांच्या विवेचनाचें तात्पर्य आहे. आज तर जातीच्या उच्चनीचतेशीं नाकाचा संबंध जोडणारें शास्त्र कोणी शास्त्र मानीत नाहीं.

चेहऱ्याचें मोजमाप मात्र संपलें नाहीं. तें पुन्हां वैद्याच्या हातीं आलें आहे. १९३१ सालीं अमेरिकेंत ब्रॉडबेंट व जर्मनींत होफ्राथ यांनीं डोकें स्थिर धरून क्ष-किरणांनीं चेहऱ्याच्या हाडांचें छायाचित्र घेण्याची पद्धति सुरू केली. वेडेवांकडे दांत सरळ करणारे व जबड्यांवर शस्त्रक्रिया करणारे त्या चित्रावर खुणा करून अंतरें व कोन मोजतात. नाकाचें तें मूळ येथेंही आहेच. जबडा पांच मिलिमीटर पुढें आणला, त्यांतील एक मिलिमीटर वर्षभरांत मागें सरकला, असें शोधनिबंधांत छापून येतें. आणि खुणा करणाऱ्याचा हातच एका मिलिमीटरनें हलत असेल तर मागें सरकलें तें हाड कीं पेन्सिल, हें कोणी सांगावें? त्या एका मिलिमीटरवर एखाद्या तरुण मुलीच्या चेहऱ्यावर कोणती शस्त्रक्रिया करावयाची याचा निर्णय व्हावयाचा असतो.

या प्रश्नाचें उत्तर स्वीडनच्या गुन्नर डालबेर्ग यांनीं १९४० च्या आपल्या ग्रंथांत सोप्या रीतीनें दिलें आहे. प्रत्येक वस्तु दोनदां मोजा. दोन मापांतील अंतराचा वर्ग करा. वर्गांची बेरीज जोड्यांच्या संख्येच्या दुपटीनें भागून वर्गमूळ काढा. हाताची चूक किती हें त्या अंकावरून कळतें, आणि त्याहून लहान फरकाबद्दल बोलूं नये हें शहाणपण येतें. १९७१ सालीं बाउमरिंड व फ्रँट्झ यांनीं दाखविलें कीं, क्ष-किरणचित्रावरील प्रत्येक बिंदूची चूक निराळी असते व तिचा कल कोणत्या दिशेला हेंही बिंदूगणिक बदलतें. १९८६ सालीं ब्लंड व ऑल्टमन या दोघां इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनीं आणखी एक भ्रम दूर केला. दोन मोजणाऱ्यांचे आंकडे बरोबरीनें चढतात-उतरतात एवढ्यावरून ते जुळतात असें ठरत नाहीं. एकाचा शेर नेहमीं छटाकभर कमी असला तरी दोघांचे आंकडे हातांत हात घालून चालतील. म्हणून संगति पाहूं नये, अंतर पाहावें.

जेथें मिलिमीटर चालत नाहीं, नजरेनें ठरवावें लागतें, तेथेंही ही शिस्त लागू करतां आली आहे. जन्मतः ओंठ व टाळू दुभंगलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांच्या दांतांच्या ठशांची पांच प्रतींत वांटणी करण्याची एक पद्धति लंडन व ऑस्लो येथील वैद्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. ठसा कोणाच्या रुग्णालयांतील हें परीक्षकास सांगत नाहींत. तोच परीक्षक कांहीं काळानें तेच ठसे पुन्हां पाहतो, आणि दुसरा परीक्षक स्वतंत्रपणें पाहतो. त्यांचें किती जमलें हें काढतांना केवळ योगायोगानें जेवढें जमलें असतें तेवढें वजा करतात. हा हिशेब जेकब कोहेन यांनीं १९६० सालीं घालून दिला. दोन परीक्षकांनीं उत्तरपत्रिका न वाचतां सर्व विद्यार्थी पास केले तर त्यांचें शंभर टक्के जमेल. पण त्यास परीक्षा कोणी म्हणणार नाहीं. आम्हां अध्यापकांस हा दृष्टांत नवा नाहीं!

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, मापाची प्रतिष्ठा त्याच्या आंकड्यांत नाहीं व उपकरणाच्या चकाकींतही नाहीं. विटकराजवळ आंकडा नव्हता. परंतु ज्याचें नाक त्याच्याच थोट्यावर त्यानें मेण बसवून पाहिलें, आणि चुकला असता तर तें लपविण्यास त्यास जागा नव्हती. रिस्ले यांच्याजवळ हजारों आंकडे होते. पण ज्यांचीं नाकें मोजलीं त्यांस उलट तपासणीचा अधिकार नव्हता, आणि मोजणाऱ्याच्या चुकीचा भुर्दंड मोजल्या जाणाऱ्यानें भरला. आज आपल्या घरांतील कोणावर जबड्याची किंवा ओंठाची शस्त्रक्रिया ठरली, किंवा वर्तमानपत्रांत नव्या पद्धतीच्या यशाचे आंकडे आले, तर सुशिक्षित गृहस्थानें दोनच प्रश्न विचारावेत: हें दोनदां मोजलें होतें काय? आणि दुसऱ्या कोणीं मोजून पाहिलें काय? चूक प्रत्येक हाताकडून होते. ती किती होते हें सांगण्याचें टाळणें, एवढेंच त्यांतलें पाप आहे.